पंधरावी फळी

पेंट लाकडावर बसतो आणि स्टेन लाकडात शिरतो. एवढं समजलं की माझा अर्धा धंदा समजला. पेंट खरवडून काढता येतो. स्टेन म्हणजे रंगाचं पातळ पाणी समजा. ते लाकडाच्या रेषांतून आत उतरतं आणि तिथंच मुक्काम करतं. चूक झाली तर लाकूडच घासून कमी करावं लागतं. म्हणून डबा उघडण्याआधी गिऱ्हाइकाला तीनदा विचारायचं, असा माझा नियम आहे. गिऱ्हाईक तिन्ही वेळा वेगळं उत्तर देतं, तो भाग निराळा.

मी भंडाऱ्याचा. आमचं घर विणकरांचं. वडील सूत रंगवायचे, त्यामुळे कोणता रंग आधी आणि कोणता नंतर, हे मी शाळेच्या आधी शिकलो. माग बंद पडले तसा मी सुताकडून लाकडाकडे आलो. दारं, देव्हारे, दिवाण, वकिलांची टेबलं, आणि गेल्या काही वर्षांत डेक. जंगलाकडे आणि नदीकाठी जी नवी हॉटेलं झाली, त्यांना उघड्यावर लाकडी फळ्यांचा ओटा लागतो. त्याला डेक म्हणतात. ऊन, पाऊस, सांडलेला रस्सा आणि ओढलेल्या खुर्च्या, सगळं त्याच्याच अंगावर.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची भेटली. तुमसरच्या एका व्यापाऱ्याला नवं दार 'खानदानी' दिसायला हवं होतं. मी सांगितलं, इतक्या काळ्या रंगाचा हात नको. त्याने ऐकलं नाही. वर्षभरात पाहुणे म्हणायला लागले, "सेठ, दार तरी बदला आता," आणि सेठनी बोल लावला मला. करडीकडच्या एका गृहस्थाला श्रावणात पॉलिश हवं होतं. माझ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे. त्याचे दोन काटे लाकडात टोचायचे. आकडा पंधराच्या वर गेला की मी डबा उघडत नाही. त्या दिवशी आकडा पंचवीस होता. गृहस्थ म्हणाले, "मशीन तुमची, आकडा तुमचा, मले कायले सांगता?" मी सामान उचलून परत आलो. त्यांनी दुसऱ्याकडून करून घेतलं. त्या पॉलिशचे पापुद्रे मी नंतर जाऊन काढले.

या अंकाच्या संपादकांनी असंच गमतीदार काही लिहा म्हटलं होतं. पण लिहायला बसलो की कारध्याचा डेकच डोळ्यांपुढे येतो. तिथलं गिऱ्हाईक गमतीदार होतं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. ते माझे दोन साळे होते.

कारधा म्हणजे भंडाऱ्यासमोर, वैनगंगेच्या पलीकडे. माझी सासुरवाडी तिथली. सासऱ्यांचं घर नदीकडे तोंड करून आहे. म्हातारपणी त्यांनी लाकडाच्या डेपोतून सागवान आणून दारापुढे फळ्यांचा मोठा ओटा करून घेतला. ते त्याला मचान म्हणायचे. संध्याकाळी तिथं बसायचं, नदी पाहायची, येणाऱ्याजाणाऱ्याला चहा पाजायचा. पुलावरून गाड्या जातात, लोक थांबायला लागले. चहाचं दुकान झालं, दुकानाचं हॉटेल झालं. मचानाचा डेक झाला. पहिलं पॉलिश मीच केलं, सगळं एका रंगात.

सासरे गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. मोठे वसंतभाऊ, धाकटा प्रमोद. त्यांच्या मधली माझी बायको, शालू. तिचाही हिस्सा होता. तिने हक्क सोडून दिला. मी तिला विचारलं होतं, नीट विचार केला का. ती म्हणाली, "मले फळ्या नाही पाह्यजे, विटा नाही पाह्यजे. भाऊबीजेले जाईन तं बसाले जागा पाह्यजे. सही नाही केली तं तेवढीबी राह्यत नाही."

हिशेब तिचा होता. मला त्यात चूक काढता आली नाही, आजही येत नाही. बायका माहेराचा हक्क सोडतात तो माहेर राहावं म्हणून.

घराच्या मधून विटांची भिंत गेली, बाहेरचं दार तेवढं एकच राहिलं. दोन स्वयंपाकघरं झाली, गल्लेही दोन झाले. वसंतभाऊंकडे मटणाचं आणि मासोळीचं जेवण, प्रमोदकडे चहा, भजी आणि थंडा. भांडण राहिलं ते डेकचं. डेकवर भिंत घातली तर नदी झाकते आणि नदी झाकली तर गिऱ्हाईक येत नाही. तेव्हा वसंतभाऊंनी मला फोन केला.

"जवाईबुवा, तुमी घरचे मानूस. डेकले दोन रंग मारून द्या. भिंत नको, दोरी नको. ज्याचा रंग त्याची जागा."

मी आयुष्यात दोन रंगांचे डेक केले आहेत. कडेने गडद, मध्ये फिका, लुगड्याला काठ असतो तसा. ते शोभेचं काम. वाटणीसाठी दोन रंग मला कोणी सांगितले नव्हते.

मी गेलो. शालूही डबा घेऊन आली, भावांकडचं जेवण कोणाकडचं म्हणून खायचं, हा प्रश्न टाळायला. वसंतभाऊंना अक्रोडाचा गडद रंग हवा होता. प्रमोदला मधाचा. रंग ठरले. पहिलं पॉलिश घासून मी सगळ्या फळ्या कोऱ्या केल्या. मग मी सांगितलं की मधाचा आधी होईल, अक्रोडाचा नंतर.

"काहून?" वसंतभाऊ म्हणाले. "मी मोठा का तो मोठा?"

"मोठेपणाचं नाही, भाऊ. फिक्याचा शिंतोडा कोऱ्या लाकडावर पडला तर गडद त्याला गिळतो. गडदाचा शिंतोडा पडला तर फिका त्याला गिळत नाही. सूत रंगवतानाही हेच आहे."

"म्हणजे लायन्याले चूक करू द्याची अन् मोठ्यानं गिळाची," वसंतभाऊ म्हणाले. "आजवर तेच करून राहिलो."

"हाव न, मटन गिळून राहिले तुमी," प्रमोद तिकडून म्हणाला. "आमाले तं हड्डीबी नाही भेटली."

शेवटी मी गडद रंगाचा एक पट्टा वसंतभाऊंच्या कडेच्या फळीवर आधी ओढला. त्यांनी त्यावर नारळ फोडला. मग धाकट्याच्या बाजूने काम सुरू केलं. नारळाच्या पाण्याचा डाग काढायला मला पुन्हा घासावं लागलं.

पण खरी अडचण त्याआधी आली होती. फळ्या घरापासून नदीकडे जातात, दारापासून पायरीपर्यंत. म्हणजे रंगाची हद्द दोन फळ्यांच्या फटीवर पडते. हे पॉलिशवाल्याचं नशीब. एकाच फळीत आडवी हद्द घालायची तर स्टेन टेपखालून पाझरतो. मग धारदार सुरीने रेघ कापावी लागते, म्हणजे रंग त्या चिरेपाशी थांबतो. फटीवर हद्द आली की ही कटकट नाही. मी खुशीत फळ्या मोजल्या. एकोणतीस निघाल्या. पुन्हा मोजल्या. एकोणतीसच.

चौदा त्यांच्या, चौदा याच्या. पंधरावी बरोबर मध्ये, दारासमोर. तिच्या एका टोकाला उंबरठा, दुसऱ्या टोकाला नदीची पायरी. दोन्ही घरच्यांना जायला-यायला तीच.

"अर्धी अर्धी रंगवा," प्रमोद म्हणाला.

"होतं," मी म्हणालो. "रेषेच्या दिशेने कापायचं, सोपं आहे."

"अन् पाय अर्धा अर्धा ठेवाचा का?" वसंतभाऊ म्हणाले.

"मंग सामाईक ठेवू."

"सामाईक म्हणजे कोर्टाचं काम. बाबाची विहीर सामाईक होती, तिचं पानी अजून नाही वाटलं गेलं."

दोघेही त्या फळीकडे पाहत उभे राहिले. शालू डबा उघडत होती. ती म्हणाली, "मंग ते माही. मी तं सही करून मोकळी झाली. एक फळी तरी येऊ द्या बापा पोरीले."

सगळे हसले. आणि दोघांनीही एकदम हो म्हटलं. भावाला द्यायला जे जड गेलं, ते बहिणीला द्यायला सोपं गेलं. ती काही घेऊन जाणार नव्हती.

"ताईची फळी," प्रमोद म्हणाला. "सांग ताई, कोनता रंग? माहा का दादाचा?"

"कोनताच नाही," शालू म्हणाली. "जशी हाये तशी राहू द्या."

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की कोरं लाकूड उघड्यावर टिकत नाही. रंग हा नुसता दिसण्यासाठी नसतो. त्यातला कण उन्हाला अडवतो. बिनरंगाची फळी एका उन्हाळ्यात राखाडी होते आणि दोन पावसाळ्यांत तिच्या कडा वर उचलतात. ती म्हणाली, "तुमी हा ना पॉलिशवाले. पाहा कायतरी."

मी जवसाचं तेल उकळून आणलं. आमच्याकडे धान निघाल्यावर त्याच बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, जवस येतो, तेलाला तोटा नाही. त्याने लाकडाचा रंग बदलत नाही, थोडा उजळतो. पाणी वर थेंब धरून राहतं. पण ते दर वर्षी द्यावं लागतं, पावसाळा सरल्यावर. तेलाचे बोळे पाण्यात बुडवून ठेवायचे, नाहीतर गोळा करून टाकलेले बोळे आपोआप पेट घेतात. हे नवख्यांसाठी सांगून ठेवतो.

तेव्हापासून दर दिवाळीत, लक्ष्मीपूजनानंतर, मी तेलाचा डबा घेऊन कारध्याला जायचो आणि एक फळी पुसून यायचो. धंद्यातलं माझं सगळ्यात लहान काम.

भाऊबीजेला शालू त्या फळीवर उभी राहायची. डावीकडे गडद रंगावर वसंतभाऊंचा पाट, उजवीकडे मधाच्या रंगावर प्रमोदचा. भाऊ एकमेकांशी बोलायचे नाहीत. ती मात्र जागची न हलता दोघांना ओवाळायची. नदीवरून वारा यायचा. निरांजन विझायचं, मग ती पदर आडवा धरायची. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, चौदा-चौदा फळ्यांच्या मालकांपेक्षा हिचं बरं आहे.

गिऱ्हाइकांची मात्र गंमत होती. खुर्चीचे दोन पाय गडदावर आणि दोन फिक्यावर आले की दोन्हीकडून वाढणारी पोरं धावायची. कोणी मासोळी मागवून वर चहा मागितला तर त्याला उठून पलीकडे बसायला सांगायचे. एक जण म्हणाला, "काऊन जी, नदी तरी एकच हाये का दोन?"

मग फळीवर एकेक गोष्ट यायला लागली. पाटी कोणाच्याच बाजूला नको म्हणून फळीवर. कचऱ्याचा डबा फळीवर. प्रमोदने पायरीजवळ फुलांची कुंडी ठेवली, तीही फळीवर, कारण त्याची जागा त्याला टेबलाला हवी होती. कुंडीचं पाणी खाली झिरपायचं. मी दिवाळीत गेलो की कुंडी उचलायचो, खालचं काळं झालेलं लाकूड घासायचो, तेल द्यायचो. पुढच्या दिवाळीला कुंडी पुन्हा तिथंच.

"प्रमोद, कुंडी सरकव ना," मी एकदा म्हटलं.

"कोनीकडे सरकवू भाऊजी? तिकडे दादा, इकडे धंदा. ताई काय वर्षभर थोडीच येऊन राहिली."

मी घरी येऊन हे सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. भाऊबीजेला कुंडीचा गोल डाग तिला दिसायचा. ती त्यावर रांगोळी काढायची.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर वसंतभाऊंचा फोन आला. आवाज मोकळा होता. "जवाईबुवा, खुशखबर. आमी दोघं एक झालो."

मला खरंच बरं वाटलं. नागपूरचा एक हॉटेलवाला आला होता. त्याला अख्खा डेक भाड्याने हवा होता, दोन्ही स्वयंपाकघरांसकट. त्याची एकच अट होती: डेक एका रंगात पाहिजे. दोन रंग पाहून गिऱ्हाईक विचारतं, इकडचा भाव वेगळा का. जे काम सासऱ्यांच्या आठवणीने झालं नाही, ते भाड्याच्या बोलणीत झालं. मी पोचलो तेव्हा दोघे भाऊ एका खाटेवर बसून माझी वाट पाहत होते.

"रंग कोणता?" मी विचारलं.

"फिका गडदावर बसत नाही म्हनता ना तुमी," वसंतभाऊ हसून म्हणाले. "मंग गडदच. शेवटी माहाच झाला का नाही?"

"होऊ द्या दादा," प्रमोद म्हणाला. "धंद्यासाठी एवढं गिळतो मी."

दोघे हसले. मी डेककडे पाहिलं. मध्ये एक नवी फळी होती, कोरी, पिवळट, शेजारच्या सगळ्या फळ्यांत उठून दिसणारी.

"ते सडली होती," वसंतभाऊ म्हणाले. "सुताराकडून बदलून घेतली. अन् हे पाहा, नवी फळी दिसली नाही पाह्यजे बरं. त्या मानसाची नजर बारीक हाये."

जुनी फळी मला मागे सापडली. भांडी घासायच्या जागेपाशी नालीवर आडवी टाकली होती, पाय भिजू नयेत म्हणून. मी वाकून पाहिलं. सडली होती ती कुंडीखालची वीतभर. बाकी लाकूड टणक होतं. वर पाणी सांडलं होतं आणि ते थेंब धरून बसलं होतं.

मी वसंतभाऊंना म्हटलं, "शालूला विचारलं का?"

"तिले काय विचाराचं? तिचंच तं घर हाये सगळं," ते म्हणाले. "आता एक फळी कायले, पूर्ण डेकवर बसन ना."

यावर उत्तर होतं, पण जावयाने ते द्यायचं नसतं. मी काम धरलं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणी केलं असतं, आणि भाऊबीजेचं दार माझ्या हाताने बंद झालं असतं. तिने सही करून उघडं ठेवलेलं दार.

नवी फळी जुन्यांत मिसळायची कशी, हे थोडक्यात सांगतो. नवं सागवान तेलकट असतं, स्टेन घेत नाही. जुनं तहानलेलं असतं, वाजवीपेक्षा जास्त पितं. तोच डबा, तोच ब्रश, तरी नवी फळी फिकी राहते. बहुतेक जण इथं सोडून देतात आणि वर्षभरात बरोबर होईल म्हणतात. खरं तर होत नाही. आधी थिनरने तिचं तेल ओढून घ्यायचं. मग ओल्या फडक्याने पुसायचं, म्हणजे बसलेल्या रेषा उघडतात. मग रंगात किंचित काळा मिसळून पातळ हात द्यायचा, वाळल्यावर दुसरा. शेवटी शेजारच्या दोन-दोन फळ्यांवरही तोच पातळ हात फिरवायचा, म्हणजे नजर अडत नाही, घसरत पुढे जाते.

अर्ध्यावर असताना मला वाटलं होतं, हे शेवटचं करू नये. थोडी वेगळी दिसू द्यावी. कोणी बोललं असतं तर नव्या लाकडावर ढकलता आलं असतं. पण मी हातात ब्रश असताना डाग ठेवलेला नाही. संध्याकाळी तिरपं ऊन डेकवर पडलं तेव्हा मी पायरीवर उभा राहून पाहिलं. तिरप्या उन्हात पॉलिशची सगळी लबाडी उघडी पडते. एकही फळी वेगळी नव्हती. इतकं साफ काम माझ्या हातून क्वचित झालं आहे.

घरी येऊन मी शालूला सगळं सांगितलं. नवी फळी, एक रंग, नालीवरची जुनी. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "दिसते का?"

"नाही."

"तुमाले दिसत नसन. मले दिसन."

भाऊबीजेला आम्ही गेलो. डेकवर रोषणाई होती, टेबलं भरलेली. शालूच्या हातात ओवाळणीचं ताट होतं, वर रुमाल झाकलेला. ती उंबरठ्याकडून आली नाही. बाजूच्या कठड्याकडून आली आणि खाली बघत, एकेक पाऊल टाकत चालायला लागली. ओठ हलत होते. दारासमोर चार-पाच फळ्या येतात; त्यांतली पंधरावी कोणती, म्हणून ती फळ्या मोजत होती. सातवी का आठवी आली असेल, तिथं एका कुटुंबाचं टेबल होतं. तिने वळसा घातला. मोजणी चुकली. ती परत कठड्याशी गेली आणि पहिल्यापासून सुरू केली.

हॉटेलवाल्याचा नवा वेटर लगबगीने आला. "मॅडम, किती जण?"

शालूने मान वर केली. "एकटीच," ती म्हणाली.

वसंतभाऊंनी आतून हाक मारली, "अवं शालू, अंदर ये ना. तिकडे गिऱ्हाईक बसले हाये."

ओवाळणी स्वयंपाकघरात झाली, दोन मोठ्या शेगड्यांच्या मधल्या जागेत. वारा नव्हता, निरांजन विझलं नाही. वाटणीनंतर पहिल्यांदाच दोघे भाऊ शेजारी शेजारी बसले होते, खांद्याला खांदा लावून. प्रमोदने ओवाळणी घातली, वसंतभाऊंनी साडी दिली. चांगली साडी होती. गडद अंग, फिका काठ. दारात वेटर येऊन दोनदा थांबला, म्हणून आम्ही लवकर निघालो.

मी स्कूटर पुलावर घेतली. खाली पाणी पार काठापर्यंत होतं. मागे डेकच्या रोषणाईचा उजेड दिसत होता. शालू रिकामं ताट मांडीवर धरून बसली होती. पुलाच्या मध्यावर आल्यावर ती माझ्या कानाशी वाकली.

"तुमी खरं बोलले होते," ती म्हणाली. "मलेबी नाही दिसली."